नळीतला थेंब

आपल्या आठवणीतलाच काळ, पण थोडा मागचा धरा. एका कारखान्यात संगणकाच्या प्रोसेसरला थंड ठेवणारा कूलर तयार झाला. त्याच्या तांब्याच्या नळीत पाण्याचा एक थेंब कोंडलेला होता. खाली प्रोसेसर तापला की थेंबाची वाफ व्हायची, वर पंख्याच्या वाऱ्यातल्या पातळ पत्र्यांपाशी निवायची आणि पुन्हा थेंब होऊन खाली यायची.

थेंब मूळचा नदीचा. वर जाताना दर वेळी त्याला वाटायचं, आता आभाळ लागेल. लागायचं ते नळीचं टोक.

तपासणीच्या दिवशी तो नळीला म्हणाला, "मावशी, तुझ्या टोकाचा सांधा कच्चा आहे. जाऊ दे ना मला."

"जा बाबा, मी कोण अडवणार? पण तू गेलास की खालचा जळणार. त्याला तेवढं सांगून जा."

थेंब खाली आला. प्रोसेसर नुसता भाजत होता. "आलास का रे? मघापासून वाट बघतोय," तो म्हणाला. थेंबाचं निरोप घेणं राहूनच गेलं. त्याची धग घेऊन तो वर गेला, सांध्याशी जरा थांबला, आणि खाली परतला.

मग तपासणाऱ्या निर्मलाबाईंनी पंख्याला कान लावला, पत्र्यांवरून बोट फिरवलं. "पंखा गुणाचा, पत्रे सरळ. नळी आपली पोकळच," त्या म्हणाल्या, आणि कच्चा सांधा दिसला म्हणून त्याला पक्का डाख दिला.

आता तिथं वाट नाही. तरी थेंब दर खेपेला त्या टोकाला टेकतो. तेवढ्यात खालून हाक येतेच.