न मिळणारे तळे

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते मला नक्की सांगता येणार नाही. एका सपाट माळरानावरून एक नदी वाहत होती. माळावरचे सगळे ओढे तिला जाऊन मिळत. एक तळे मात्र कधीच मिळत नसे, कारण दोघांच्या मध्ये गुडघाभर उंचवटा होता.

"आमच्या आक्काला तू आजवर काय दिलंस रे?" ओढे त्याला चिडवत. "नुसतं बसून पिणं!"

तळ्याला ते खरेच वाटे. शेवटी एका पावसाळ्यात त्याने रानडुकराला विनवले, "दादा, एवढा उंचवटा उकरून दे. मलाही तिच्या घरचं व्हायचंय."

डुकराने माती उकरायला घेतली, तोच टिटवी ओरडत आली. "अरे, नदी काठोकाठ भरलीय! काठावर माझी अंडी आहेत. आणखी पाणी आलं तर वाहून जातील!"

नदीने ओढ्यांना थांबायला सांगून पाहिले, पण उतारावर त्यांना थांबता येईना. मग तिने हाक मारली, "तळ्या, तू तरी येऊ नकोस रे बाबा!"

तळ्याने डुकराला थांबवले. रात्रभर पाऊस पडला. तळे मागच्या गवतात पसरत गेले, त्याची कमळे बुडाली, पण उंचवट्यापलीकडे त्याने थेंब जाऊ दिला नाही. नदीचे पाणी अंड्यांखालच्या खड्यांना लागले आणि ओसरले.

सकाळी ओढ्यांनी विचारले, "आक्का, त्यानं दिलं तरी काय?"

"मी मागितलं ते," नदी म्हणाली.