हरबा निजव्याच्या नऊ मेखा

फार वर्षांपूर्वी, माडबाव गावाला गलबतं लावायचा धक्का नव्हता आणि ओहोटीला गलबतं चिखलात कुशीवर लवंडत, त्या काळची ही गोष्ट. नेमकी किती वर्षं झाली ते विचारू नका. गावात विचाराल तर जो तो आपल्या आजोबाच्या आजोबाचं नाव सांगेल, आणि आमचा आजोबा त्या दिवशी गलबतावर होता असंही सांगेल. गलबतावर माणसं होती अठराच.

त्या गलबताचं नाव गंगासागर. मालक सोमाजी नाखवा. सोमाजीच्या पणजोबाने ते बांधून घेतलं होतं. मधल्या काळात फळ्या बदलल्या, शीड बदललं, पण डोलकाठी जुनीच राहिली आणि तिच्यावरचं लोखंडही जुनंच. आता डोलकाठी काही नुसती रोवून उभी राहत नाही. तिला चहूबाजूंनी दोर ताणून धरतात. दोर कडीत असतो, कडीतून मेख जाते आणि मेख भोकात बसते. नव्या गलबतात मेख घट्ट बसते. जुन्यात भोकं झिजलेली असतात, म्हाताऱ्या दाराच्या बिजागरीसारखी. लाटेचा हिसका बसला की मेख तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर सरकते. हिसके दिवसातून किती बसतात, ते मोजायला कुणी बसत नाही.

गंगासागरवर अशा नऊ मेखा होत्या. चार डोलकाठीच्या टोकाला, पाच खाली दोन्ही बाजूंना. त्यांची काळजी एका माणसाकडे होती, आणि तो माणूस म्हणजे हरबा.

हरबा अंगाने बारीक, बोलायला त्याहून बारीक. एका प्रश्नाला एक शब्द, आणि दुसऱ्या प्रश्नाला तोही नाही. दर मोसमाच्या सुरुवातीला तो डोलकाठीवर चढे, मेखेच्या टोकाच्या भोकातून काथ्याचं सुंभ ओवी, ते कडीभोवती फिरवून गाठ मारी आणि वरून जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळी. पट्टी मुशी माशाच्या तेलात आणि राळेत भिजवलेली असे. सुंभामुळे मेख सरकत नसे. पट्टीमुळे खारं पाणी लोखंडाला लागत नसे आणि मेखेच्या टोकाने शीड फाटत नसे. एवढंच ते काम. पण हे कुणाला सांगायचं त्याच्या कधी मनात आलं नाही.

पट्ट्या येत खलाशांच्या घरून. बायकांनी गलबतावर पाय ठेवायचा नाही, असा तेव्हाचा रिवाज. नवऱ्याला निरोप द्यायचा तो गुडघाभर पाण्यात उभं राहून. पण त्यांची जुनेरं मात्र डोलकाठीच्या टोकापर्यंत जात. हिरवी, तांबडी, एखादी जांभळी. किनाऱ्यावरून बायका आपापली पट्टी बोटाने दाखवत आणि मग घरी जात.

एकदा कुणीतरी खालून विचारलं, "काय करतंस रे वर, हरबा?"

"निजवतंय," हरबा म्हणाला.

झालं. तेव्हापासून त्याचं नाव हरबा निजव्या पडलं. आणि एकदा नाव पडलं की गोष्ट जमायला वेळ लागत नाही. काम करताना हरबा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत असे. लोक म्हणू लागले, हरबा मेखांना अंगाई म्हणतो. तो अंगाई म्हणतो म्हणून त्या निजतात, निजल्या की हलत नाहीत, म्हणून एवढं जुनं गलबत वादळातून परत येतं. असं म्हणतात की एकदा त्याची अंगाई ऐकून वल्ह्यावरचे चार खलाशी बसल्याजागी घोरू लागले. माझं मत विचाराल तर त्या खलाशांना अंगाईची फारशी गरज नसावी.

हरबाला ही गोष्ट कानावर आली. तो हसला नाही आणि रागावलाही नाही. त्याने खोडून काढली असती तर पुढचं टळलं असतं. पण खोडून काढायला बोलावं लागतं.

हरबाला एकच मुलगा, भागोजी. गंगासागरवरच खलाशी. लग्न होऊन दोन वर्षं झालेली, बायकोचं नाव रखमा. भागोजी सरळ माणूस, सांगितलेलं काम जसंच्या तसं करणारा. असा माणूस घरात असला तर घर सुखी असतं, फक्त त्याच्याशी बोलताना जरा जपावं लागतं. बापाने मेखा कशा बांधल्यात हे त्याने कधी विचारलं नव्हतं. मेखा निजतात, हे मात्र त्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं.

त्या वर्षीची नारळी पौर्णिमा आली. पावसाळाभर किनाऱ्यावर झावळ्यांखाली शाकारून ठेवलेलं गलबत त्या दिवशी पाण्यात लोटतात. माडबावला त्याला गलबत जागवणं म्हणतात. झावळ्या काढायच्या, शंख फुंकायचा, नाळेवर, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकावर, हळदकुंकू वाहायचं आणि पहिली फेरी खाडीच्या तोंडाबाहेर म्हातारीच्या खडकापर्यंत मारून नारळ सोडून परत यायचं. हरबाने आदल्याच दिवशी नऊच्या नऊ मेखा बांधल्या होत्या. त्याचं काम संपलं होतं. गर्दी त्याला आवडत नसे, म्हणून सकाळी पेज पिऊन तो घरी ओटीवर आडवा झाला.

सोमाजी नाखव्याच्या घरी त्या दिवशी नवे व्याही आले होते. नाखवा फेटा बांधून पाण्याच्या कडेला उभा राहिला. गलबताच्या सावलीत दोघे खलाशी पाय पसरून पडले होते. व्याह्यांसमोर त्याला ते बरं वाटलं नाही, आणि तो जोरात ओरडला, "आज गलबत जागा करूचा हा! निजलेला कायएक ठेवू नकात!"

ते दोघे उठले. आणि भागोजी डोलकाठीवर चढला.

त्याने एकेक करून नऊही पट्ट्या सोडल्या. राळेने सुंभ पट्टीला चिकटलेलं होतं, पट्टी ओढताना गाठी सुटल्या आणि तेही निघून आलं. मेखा उघड्या झाल्या, लख्ख दिसल्या, आणि व्याही म्हणाले, वा. भागोजीने पट्ट्यांची नीट घडी घातली आणि पाण्यात उभ्या असलेल्या रखमाच्या हातात दिली. गलबत हललं.

दुपार कलल्यावर हरबाला जाग आली. अंगणात दोरीवर नऊ पट्ट्या वाळत होत्या. हिरव्या, तांबड्या, एक जांभळी. त्याने रखमाला हाक मारली.

"गे सुने, ह्यो पट्ट्यो हय कशो इल्यो?"

रखमा म्हणाली, "मामानू, ह्येंनीच दिल्यानी धुवूक. गलबत आज जागा केल्यानी मां?"

हरबाने समुद्राकडे पाहिलं. माणूस घाबरला की ओरडतो, पण हा ओरडायलाही विसरला. नैर्ऋत्येला आभाळ काळं झालं होतं. श्रावणातलं वादळ फार वेळ राहत नाही, पण जेवढा वेळ राहतं तेवढ्यात काम करून जातं. त्याने पट्ट्या दोरीवरून ओढल्या, गळ्याभोवती घेतल्या, सुंभाचं वेटोळं काखेत मारलं आणि किनाऱ्यावरची पहिली होडी पाण्यात लोटली.

असं म्हणतात की दर्याने त्याला वाट दिली. लाटा दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या आणि मधून हरबाची होडी ताटात तूप पसरावं तशी सरकत गेली. ओहोटी होती, हेही सांगून ठेवतो. पण ओहोटीने होडी बाहेर जाते, गलबताला नेमकी जाऊन भिडत नाही. तेव्हा तुम्हाला काय मानायचं ते माना.

गंगासागर म्हातारीच्या खडकाजवळ वादळात सापडलं होतं. शीड फाटलं होतं. खालच्या दोन मेखा निसटून फळ्यांवर पडल्या होत्या आणि खलाशी दोर हातांनी धरून बसले होते. वरची एक मेख समुद्रात गेली होती. डोलकाठी दर लाटेला करकरत होती, आणि तिच्या टोकाला भागोजी होता. मेख सरकताना त्याने पाहिली, तेव्हाच त्याला आपण काय केलं ते उमगलं. मेखेच्या जागी त्याने कडी दोन्ही हातांनी आवळून धरली होती. त्याचे हात सोलवटले होते. तो सुटला असता तर आधी तो गेला असता आणि मागून डोलकाठी सतरा जणांच्या अंगावर आली असती.

हरबा आधी खालच्या दोन मेखा बसवून वर चढला. वर उरलेल्या तीन मेखांना सुंभ घातलं, पट्ट्या गुंडाळल्या. वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून या वेळी तो मोठ्याने पुटपुटत होता. आणि खालच्या माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा हरबाची अंगाई ऐकली.

"एक येढो. दोन येढे. तीन येढे. गाठ. एक येढो. दोन येढे."

तो वेढे मोजत होता. इतकी वर्षं तो वेढेच मोजत होता.

चौथ्या मेखेच्या जागी मेखच नव्हती. हरबाने भागोजीच्या हातांवर आपला हात ठेवला.

"बाबा, तुम्हीच म्हणा होतात, त्यो निजतत," भागोजी म्हणाला. एवढा मोठा बाप्या, पण रडत होता.

"चूक माजी," हरबा म्हणाला. "मेखेक झोप नसता रे, भागो. ती हलान हलान भायर येता. तिका बांदूक व्हयी." मग म्हणाला, "तू खाली जा."

त्याने उजवा हात कोपरापर्यंत कडीत घातला, वरून उरलेली पट्टी स्वतःच दाताने आवळली, आणि भागोजी उतरला. असं म्हणतात की त्या हाताचं लोखंड झालं. असंही म्हणतात की लाटा डोलकाठीवर आपटत आणि हरबाला पाहून मागे फिरत. लोखंड झालं की नाही ते मला माहीत नाही. गलबत खाडीत शिरेपर्यंत तो हात निघाला नाही, एवढं खरं. पट्टी जांभळी होती. ती रखमाच्या लुगड्याची होती.

अठराच्या अठरा घरी आले. हरबा धरून एकोणीस.

तो हात मात्र पुन्हा वर झाला नाही. हरबाला गाठ मारता येईना. मग ज्या माणसाने जन्मभर एकेक शब्द मोजून वापरला, त्याला बोलावं लागलं. किनाऱ्यावर बसून तो माणसांना सांगे, सुंभ कुठून ओवायचं, वेढे किती, गाठ कुठली, पट्टी का. विचारलं तर सांगे, नाही विचारलं तरी सांगे. शेवटी शेवटी तर लोक कंटाळत. पहिला शिकला भागोजी. दुसरी शिकली रखमा, कारण तिने तिथेच वाळूत बसून हट्ट धरला, आणि हरबा नाही म्हणाला नाही. त्यानंतर त्याच्या तोंडून 'निजवणं' हा शब्द कुणी ऐकला नाही. पुढे अकरा वर्षांनी, एका फाल्गुनात, साध्या तापाने हरबा गेला.

माडबावला आता धक्का आहे. लाकडी गलबतं गेली, यंत्राच्या होड्या आल्या, आणि त्यांची लोखंडी काठी फक्त दिवा आणि जाळ्याचे दोर धरायला असते. तरीही नारळी पौर्णिमेला होडी सोडायच्या आधी त्या काठीच्या प्रत्येक मेखेला नऊ वेढे घालतात आणि वर घरातल्या बाईच्या जुन्या साडीची पट्टी बांधतात. पट्टी बांधायला घरातली बाईच होडीवर चढते. तो रिवाज रखमापासून पडला. होडी हाकणारा तांडेल शंख हातात घेतो, पण फुंकत नाही. आधी तो विचारतो, "मेखो?"

आणि जिने बांधल्या ती प्रत्येक मेखेला हात लावून सांगते, "बांदल्यो."

'निजल्यो' असं कुणी चुकूनही म्हणत नाही. त्या गावात मुलांनासुद्धा निजवत नाहीत, झोपवतात. एवढंच काय, हरबा कधी गेला असं विचारलंत, तर ते तुम्हाला दुरुस्त करतील. गेला नाही म्हणतील, निजला. तो शब्द त्यांनी त्याच्या एकट्यासाठी ठेवला आहे.