एक नको, दोन मुठी

बोरखेडी गावात गेनू नावाचा एक भोळा गडी होता. वय तीस. अंगाने दणकट, कामाला वाघ. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा. गावाला भीती होती ती त्याचीच.

त्याचं लग्न जमत नव्हतं. तीन घरांनी नकार कळवला होता. या हिवाळ्यात त्याच्या तुळशीराम मामाने चौथं स्थळ आणलं. मुलीचे वडील रंगनाथराव हुरडा खायला रानात येणार होते आणि तिथेच मुलगा बघणार होते. हेही स्थळ गेलं तर पुन्हा कुणाच्या दारात जायचं नाही, असं गेनूच्या आईने ठरवलं होतं. मामा मात्र निर्धास्त होता. सोयरिकी जमवण्यात आपला हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, असं तो सांगायचा. मामाचं वय पंचेचाळीस. त्याचं स्वतःचं लग्न अजून व्हायचं होतं.

सराव व्हावा म्हणून आईने आधी शेजारच्या बंडूतात्यांना हुरड्याला बोलावलं. ज्वारीची कोवळी कणसं आगटीत भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची आणि दाणे पाव्हण्याच्या ओंजळीत टाकायचे, एवढंच गेनूचं काम. त्याने एक मूठ टाकली. तात्या रीतीप्रमाणे म्हणाले, "नको, नको, पुरे."

गेनूने लगेच आगटीवर माती ओढली. उरलेली कणसं म्हशीला घातली. तात्या उपाशीपोटी घरी गेले आणि संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली.

आईने कपाळाला हात लावला. "अरे, पाव्हणा लाजून नको म्हणतो. त्यानं एकदा नको म्हटलं की आपण दोन मुठी वाढायच्या. राहील का ध्यानात?"

"राहील," गेनू म्हणाला. आणि राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा मळ्यातल्या हौदापाशी आंघोळीला बसला. दव पडून बांधावरचं गवत पांढरं झालं होतं. पाणी चुलीवर तापत होतं, पण गेनूला धीर कुठला. त्याने हौदातलीच एक बादली मामाच्या डोक्यावर ओतली. मामा नको म्हणाला. गेनूने दोन ओतल्या. मामा एकूण पाच वेळा नको म्हणाला. पुढे त्याला बोलता येईना, म्हणून अकरा बादल्यांवर निभावलं.

दात वाजायचे थांबल्यावर मामाने त्याला समोर बसवून समजावलं. "गाढवा, माणूस थरथरायला लागला की पाणी ओतत नाहीत. त्याला कांबळ्यात गुंडाळायचं, आगटीजवळ नेऊन बसवायचं, आणि थरथर थांबेपर्यंत सोडायचं नाही."

गेनूने तेही ध्यानात ठेवलं. आधीचा नियम फक्त खाणं वाढण्यापुरता होता, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नाही.

ठरल्या दिवशी रंगनाथराव स्वतः जीप चालवत आले. आगटी छान फुलली होती. मामाने भाच्याचं कौतुक सुरू केलं आणि अधूनमधून स्वतःचंही केलं. गेनू मान खाली घालून कणसं चोळत होता. दोनदा रंगनाथराव हसून पुरे म्हणाले. पुरेबद्दल काही नियम नव्हता, म्हणून गेनू वाढत राहिला. रंगनाथराव खूश झाले. पोराच्या हाताला चव आहे, असं ते म्हणाले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तिने मिरचीचा ठेचा पुढे केला. रंगनाथरावांनी बोटभर चाटला. त्यांचे कान लाल झाले. हात हलवत ते म्हणाले, "नको, नको."

दोन नको झाले. गेनूने चार मुठी ठेचा वाढला. ओंजळ भरली, उरलेला मांडीवर सांडला, आणि त्याच हाताने रंगनाथरावांनी डोळे पुसले. ते नखशिखांत थरथरू लागले.

गेनूने त्यांना कांबळ्यात गुंडाळलं, उचललं आणि आगटीच्या काठावर घट्ट धरून बसला. मामा त्याचा दंड ओढू लागला, तर गेनू म्हणाला, "मामा, अजून थांबली नाही थरथर." आता ती रागाची होती, त्यामुळे थांबेना. कांबळं धुमसायला लागलं तेव्हा आई आणि मामाने मिळून पाव्हण्यांना सोडवलं.

रंगनाथराव उठले. अर्धी मिशी जळाली होती. ते गेनूच्या आईकडे वळून शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचा मुलगा आम्हाला नको."

आई मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. रंगनाथराव जीपमध्ये जाऊन बसले. मामा धुमसतं कांबळं पायाने विझवत राहिला.

गेनू आईजवळ गेला. "रडतेस कशाला? लाजतायत ते."

मग त्याने मामाला कंबरेला धरून उचललं, जीपच्या मागच्या बाकावर नेऊन टाकलं, आणि स्वतः त्याच्या शेजारी हात झटकून बसला.

"चला पाव्हणं," तो म्हणाला. "एकदाच नको म्हणालात, म्हणून दोघंच आलोय."