सोनकीची बैठक

एका गावात माणसांना दोनच वेडं होती. सकाळी परसातली भाजी आणि संध्याकाळी कुत्र्यांचे खेळ. गावाचं नाव बोरतळे. तिथं दुधी किती लांब झाला हे विचारल्याशिवाय कुणी कुणाला चहा देत नसे, आणि आपलं कुत्रं किती उंच उडालं हे सांगितल्याशिवाय कुणी तो पीत नसे. गावाबाहेरच्या माळावर वेळूच्या काठ्या आडव्या बांधून ठेवल्या होत्या. कुत्री त्यांवरून उड्या मारत, गोणपाटाच्या बोगद्यातून सुळकन पलीकडे जात. सगळं हौसेखातर चाले. त्यावर कुणाचं पोट नव्हतं, पण जीव सगळ्यांचा होता.

या खेळांतला सर्वांत अवघड खेळ दिसायला मात्र सर्वांत सोपा होता. त्याला बैठक म्हणत. माळावर पांढऱ्या फक्कीनं एक गोल आखायचा. कुत्र्याला त्यात बसवून मालकानं 'थांब' म्हणायचं आणि लांब निघून जायचं. जे कुत्रं जास्त वेळ बसेल ते जिंकलं. नियम एकच, पण फार जुना. ज्यानं 'थांब' म्हटलं त्यानंच परत यायचं, कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि 'चल' म्हणायचं. दुसऱ्या कुणी त्याला सोडवायचं नाही. असं का, ते कुणाला नीट ठाऊक नव्हतं. म्हातारी माणसं एवढंच सांगत, की फार वर्षांपूर्वी एक बैठक सोडवायची राहून गेली होती. पुढचं विचारलं की ती विषय बदलत.

या गावात केरबा नावाचा शिंपी होता. जन्मभर सरळ कापड कापून कापून त्याला सगळंच सरळ लागे. पडवळ वाकडं वाढू नये म्हणून त्याच्या टोकाला सगळेच दगड बांधतात, पण केरबा दगड बांधून वर रोज ओळंबा लावून पाहायचा. माणूस वाईट नव्हता. कौतुकाचा मात्र फार भुकेला. कुणी "वा!" म्हटलं की त्याला पुढचं काही दिसत नसे.

त्याची कुत्री सोनकी. पिवळसर अंगाची, सडपातळ, लांब तोंडाची. पिल्लू असताना ती त्याच्या चिंध्यांच्या टोपलीत झोपायची. बैठकीत तिच्यासारखं कुणी नव्हतं. केरबानं 'थांब' म्हटलं, की अंगावर माशी बसली तरी ती कान हलवायची नाही. फक्त केरबा ज्या दिशेला गेला, तिकडे पाहत राहायची.

आश्विनात गावाची मोठी जत्रा भरे. एकाच दिवशी, एकाच माळावर, एका अंगाला भाज्या मांडायच्या आणि दुसऱ्या अंगाला कुत्र्यांचे खेळ. त्या वर्षी ऊन फार कडक होतं. सकाळी दहाला बैठक सुरू झाली. एकेक कुत्रं उठत गेलं. साडेबाराला आपापल्या गोलात दोघंच उरली: केरबाची सोनकी आणि यमुनाबाई कासारणीचा भुंगा.

भुंग्याची जीभ हातभर लोंबू लागली, तशी यमुनाबाई पदर खोचून उठली. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, "चल बाबा," म्हणाली आणि खेळ सोडून दिला. मग ती केरबाकडे आली.

"जिंकलास की रं केरबा! आता सोडव तिला. ऊन लागायलंय लेकराला."

केरबा तेव्हा भाज्यांच्या बाजूला उभा होता. त्याचं पडवळ मोजायला घेतलं होतं आणि भोवती पन्नास माणसं जमली होती.

"आलोच, अक्का. एवढं मोजून होऊ दे."

पडवळ साडेतीन हात भरलं. लोक "वा!" म्हणाले. तेवढ्यात पंच दौलूमास्तर घड्याळ बघून म्हणाले, "केरबा, सोनकी अजून तासभर बसली, तर गावात एवढी बैठक आजवर कुणी केली नाही असं होईल हं."

केरबानं माळाच्या पलीकडे पाहिलं. सोनकी बसली होती. यमुनाबाईनं गोलाच्या कडेला पाण्याचं भांडं नेऊन ठेवलं होतं. सोनकी भांड्याकडे पाहतसुद्धा नव्हती. ती केरबाकडे पाहत होती. तो तिकडे एक पाऊल निघालासुद्धा. पण मग कुणीतरी पडवळाला कसलं खत घातलंस म्हणून विचारलं, आणि तो सांगत बसला.

तो परत गेला तेव्हा दोन वाजले होते. गोल रिकामा होता.

सोनकी कुठंच नव्हती. तिला उठताना कुणी पाहिलं नव्हतं. भुंग्याला पाणी पाजायला यमुनाबाईनं पाठ फिरवली होती, तेवढाच काय तो वेळ. आणि सगळ्यांत विचित्र गोष्ट अशी, की फक्कीची रेघ कुठंही मोडली नव्हती. आत बसल्याची खूण होती. बाहेर पडल्याचं एकही पाऊल नव्हतं.

दौलूमास्तर धापा टाकत आले. "तूच सोडवलीस ना तिला? उच्चांक झालाय. पण ती आपण होऊन उठली असेल, तर बैठक धरता येणार नाही."

सगळं गाव केरबाकडे पाहत होतं. पितळी तांब्या आणि झेंडूचा हार तयार होता. केरबानं हाराकडे पाहिलं.

"व्हय. मीच सोडवली," तो म्हणाला. "घरी गेली असंल."

त्याच्या तोंडून ते निघालं आणि माळावरची सगळी कुत्री एकदम खाली बसली.

सोनकी घरी नव्हती. केरबानं ओढा पाहिला, टेकडी पाहिली, शेजारची दोन गावं पालथी घातली. बायकोला, अनसाबाईला, त्यानं सांगितलं, "पळाली असंल कुठंतरी. येईल भूक लागली की."

तिसऱ्या दिवशी ते आधी अनसाबाईच्या लक्षात आलं. "अहो, दोडक्याची फुलं बघा की. परवा संध्याकाळपास्नं अर्धीच उमललीत. ना मिटत्यात, ना फुलत्यात."

केरबानं जाऊन पाहिलं. दोडकाच नव्हे, सगळंच थांबलं होतं. मेथीच्या वाफ्यात माती थोडी उचललेली होती, पण कोंब वर येत नव्हता. टोमॅटोचा अर्धा लाल, अर्धा हिरवा रंग जिथल्या तिथं राहिला होता. काही वाळत नव्हतं, काही कुजत नव्हतं. त्यानं बक्षिसाच्या तांब्यानं मिरचीच्या आळ्यात पाणी घातलं. पाणी जिरेना. आळ्यात ते आरशासारखं उभं राहिलं आणि दुसऱ्या दिवशीही तसंच होतं.

मग त्याला पानं दिसली. झाडं उन्हाकडे तोंड करतात, हे बोरतळ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण केरबाच्या परसातलं प्रत्येक पान मागच्या दाराकडे वळलं होतं. तो दारातून बाहेर येई, त्या दाराकडे. तो डावीकडे सरकला. वारा नव्हता, तरी पानं सावकाश डावीकडे वळली.

केरबा घरात गेला आणि दार लावून घेतलं. भरदुपारी त्याला थंडी वाजत होती.

त्यानंतर दुपारचा आवाज सुरू झाला. रोज साडेबारा वाजले की पडवळाच्या मांडवाखालून धाप लागल्याचा आवाज येई. तहानलेल्या कुत्र्याची भरभर, कोरडी धाप. मांडवाखाली कुणी नसे. फक्त कुत्र्याच्या अंगाएवढी एक गोल जागा होती. तिथलं गवत दबलेलं होतं, आणि हात लावला तर माती ऊन लागे, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. अनसाबाईनं तिथं पाण्याचं भांडं ठेवलं. त्यातला थेंबही कमी झाला नाही. धाप मात्र रोज थोडी जास्त कोरडी होत गेली.

केरबानं त्या जागेवर हात ठेवून "चल" म्हणून पाहिलं. हळू म्हटलं, ओरडून म्हटलं, रडत म्हटलं. काही झालं नाही. पानं त्याच्याकडे पाहत राहिली.

पंधराव्या दिवशी अनसाबाई ताटावरून उठली. "मला घास जाईना या आवाजात," ती म्हणाली. "तुम्ही काय केलंय, ते तुमचं तुम्हाला ठावं. पर हे समदं परस कशाची तरी वाट बघतंय."

केरबा यमुनाबाईच्या दुकानात गेला. ती बांगड्या पुसत होती. त्याचा चेहरा पाहून तिनं हातातलं फडकं ठेवलं.

"अक्का, मी रोज 'चल' म्हणतोय. ती ऐकत न्हाई."

"कशी ऐकंल?" यमुनाबाई म्हणाली. "सोडवली म्हणून चारचौघांत सांगितलंस न्हवं? एकदा सोडवलेल्याला पुन्यांदा कसं सोडवतोस? तुझं 'चल' त्या दिवशीच खर्चून बसलास तू. तेबी खोट्यात."

केरबाचे डोळे भरून आले. "मग आता?"

"जिथं घालवलंस, तिथनंच ते परत उचलाय पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तांब्या हातात घेऊन दारोदार फिरला. "दुपारी माळावर या," एवढंच प्रत्येकाला म्हणाला. कुणी का ते विचारलं नाही. या पंधरा दिवसांत त्याच्या परसामागून जाताना गावातलं प्रत्येक कुत्रं खाली बसत होतं आणि मालकानं डोक्यावर हात ठेवल्याशिवाय उठत नव्हतं. गावाला काहीतरी कळलं होतंच.

मधे दोन मोठे पाऊस पडून गेले होते. माळावरचे बाकीचे गोल धुऊन गेले होते. सोनकीचा गोल मात्र आत्ता आखल्यासारखा पांढराशुभ्र होता. यमुनाबाईचं भांडंही तिथंच होतं, काठोकाठ भरलेलं.

केरबानं तांब्या दौलूमास्तरांच्या पायाशी ठेवला.

"मी सोडवली न्हवती तिला," तो मोठ्यानं म्हणाला. "ती तहानलेली दिसत हुती. माझ्याकडं बघत हुती. मी पडवळाचं कवतिक ऐकत ऱ्हायलो. आणि वर तुमच्याशी खोटं बोललो."

केरबा रेघ न मोडता गोलात उतरला आणि मांडी घालून बसला. खेळ जिंकल्यावर सोनकी जेवढा वेळ ताटकळत बसली होती, तेवढाच वेळ तो उन्हात बसला. त्याचे ओठ सुकले, डोक्यावरचं पागोटं तापलं. कडेच्या भांड्याला त्यानं हात लावला नाही. हळूहळू त्याच्या बाजूला धाप ऐकू येऊ लागली. आधी त्याला एकट्याला, मग सगळ्या गावाला. बायकांनी पदर तोंडाला लावले. भुंगा शेपूट हलवू लागला.

केरबानं रिकाम्या हवेत हात पुढे केला. हाताला ऊबदार, मऊ केस लागले. दोन कान लागले.

"चुकलो ग पोरी," तो म्हणाला. "चल. चल, सोनकी."

धाप थांबली. फक्कीची रेघ एका जागी फिसकटली आणि पलीकडे मातीत एक पाऊल उमटलं. मग दुसरं. मग पावलांची धावती ओळ गावाकडे निघाली. केरबा धडपडत उठला आणि तिच्यामागे धावला.

पावलं त्याच्या परसात शिरली होती. अनसाबाई मागच्या दारात उभी होती आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. भर दुपारी दोडक्याची सगळी फुलं एकदम उमलली होती. आळ्यातलं पाणी गटागटा आवाज करत जिरत होतं. पानं दाराकडची मान फिरवून उन्हाकडे वळत होती. मांडवाखालच्या भांड्यात एक थेंब उरला नव्हता, आणि त्याच्या भोवतीची माती ओली होती.

भांड्यापासून पावलं पुढे कुंपणाकडे गेली होती. कुंपणात एक फट होती आणि पलीकडे टेकडी. फटीपाशी गवत हलत होतं. ती अजून तिथंच होती, अगदी एका हाकेवर.

केरबाच्या ओठांवर शब्द आला. 'थांब'. त्यानं तसं म्हटलं असतं, तर ती थांबली असती. आजवर ती कधी थांबली नाही असं झालंच नव्हतं. अनसाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. केरबानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं आणि गवत हलायचं थांबेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

सोनकी त्या वेळी जिवंत होती की नव्हती, हे मला विचारू नका. बोरतळ्यात दोन्ही मतांची माणसं आहेत. मला एवढंच ठाऊक आहे, की केरबाच्या मांडवाखाली आजही रोज दुपारी पाण्याचं भरलेलं भांडं असतं. त्याच्या पडवळांना आता दगड नसतात. ती वाकडीतिकडी वाढतात, मांडव सोडून कुंपणाच्या फटीतून टेकडीकडे जातात, आणि केरबा त्यांना जाऊ देतो.

तात्पर्य: आपल्या एका शब्दाखातर जो थांबून राहतो, त्याला वेळेवर मोकळं करणं आपलंच काम आहे. ते विसरून वर खोटं बोलणाऱ्याच्या शब्दात, तो ते खोटं चारचौघांत कबूल करेपर्यंत, कुणालाही सोडवायचं बळ उरत नाही.