अस्सल लसणाचा राखणदार

खडकवणे गावात हैबती नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलं तेवढंच करायचा, पण ते मात्र मन लावून करायचा.

खडकवण्याचा लसूण पंचक्रोशीत नावाजलेला. एक पाकळी फोडणीत पडली की शेजारच्या आळीला कळायचं. त्यामुळे कुठलाही व्यापारी कुठलाही लसूण खडकवण्याचा म्हणून खपवायचा. जुन्या कायद्यात त्याला धरायचं कुणी, हेच ठरलेलं नव्हतं. मग कायदा बदलला. आता नाव गावाचं, आणि ते राखायला माणूसही गावानंच नेमायचा. सगळे काढणीत गुंतलेले, म्हणून सरपंच अनसूयाबाईंनी हैबतीला वेशीवर उभं केलं. म्हणाल्या, "आपल्या मातीत उगवलं त्यालाच आपलं नाव. बाहेरच्यानं ते नाव लावलं तर अडवायचं."

हैबतीची छाती फुगली. आजवर त्याला गुरांशिवाय कुणी काही राखायला दिलं नव्हतं.

पहिली आली ती वरात. नवरी बोरगावची, आणि आजपासून ती खडकवणेकर झाली, असं करवली कौतुकानं सांगत होती. हैबतीनं वरात अडवली. नवरी उन्हात ताटकळली, वाजंत्र्यांनी बिड्या शिलगावल्या. शेवटी अनसूयाबाई धावत आल्या. सून बाहेरचीच असते, पण अंगाला हळद लागली, डोक्यावर अक्षता पडल्या की ती आपली होते, असं त्यांनी समजावलं. हैबतीला ते पटलं.

मग परगावच्या लसणाचा टेम्पो आला. हैबतीनं पोत्यापोत्याला हळद लावली, वर अक्षता टाकल्या आणि टेम्पो मानानं आत घेतला. व्यापारी म्हणाला, इतका मान तर त्याला सासरीही मिळाला नव्हता. अनसूयाबाईंनी कपाळावर हात मारला. यापुढे बाहेरून येणाऱ्या गाडीवर खडकवणे लिहिलेलं दिसलं की पुसून टाकायचं, असं त्यांनी बजावलं.

संध्याकाळी एसटी आली. आली बाहेरून, आणि कपाळावर ठळक 'खडकवणे'. हैबतीनं ओल्या फडक्यानं घासघासून पाटी कोरी केली. दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेलेली माणसं स्टँडवर खडकवण्याची गाडी शोधत बसली, आणि गाडी त्यांच्यासमोरून रिकामी निघून गेली. सगळे चालत घरी आले.

या वेळी अनसूयाबाई रागावल्यासुद्धा नाहीत. दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "हैबती, आता तू काही लावू नकोस, काही पुसू नकोस. नुसतं विचार, हे कुठं तयार झालं. इथलं नसेल तर नमस्कार कर आणि परत पाठव."

एवढं सोपं काम हैबतीला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात शाळेपुढं मांडव पडला. नव्या कायद्यानं लसणाला नाव मिळाल्याचा दाखला द्यायला साहेब येणार होते. सगळं गाव मांडवात, वेशीवर एकटा हैबती. ऊन चढलं, बँडवाले पेंगले, साहेबांचा पत्ता नाही. अनसूयाबाईंच्या हातातला हार कोमेजत चालला.

तेवढ्यात हैबती हसत हसत मांडवात आला.

"बाई, आज सगळ्यात मोठी लबाडी पकडली. मोटारीतून एक साहेब आले होते. काचेच्या चौकटीत कागद, त्यावर सोनेरी अक्षरात आपल्या गावाचं नाव, खाली सरकारी शिक्का. विचारलं, कुठं तयार झालं? तर म्हणाले, दिल्लीत."

पेंगलेले बँडवाले खडबडून जागे झाले.

"मग?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"मग काय, नमस्कार केला आणि परत पाठवलं. साहेब फार भला माणूस. म्हणाले, नव्या कायद्यात राखणदाराचा शब्द शेवटचा."