कोठीतली यंत्रं

“मागे येता येत नाही म्हणजे?” निर्मळनाथबाबांनी विचारलं.

अभिराम मान खाली घालून उभा होता. मठाच्या कोठीत त्यानं गुपचूप डिजिटल नाणी खणणारी यंत्रं लावली होती, तीही मठाच्याच विजेवर. काल त्या भारानं पिठाच्या चक्कीची मोटर जळाली आणि बिंग फुटलं. आता बाबा मठात ठेवतात की हाकलतात, हाच त्याला घोर.

“यंत्रात कुठलाही मजकूर घाला, बाबा. ठरावीक लांबीची आकडे-अक्षरांची ओळ बाहेर पडते. तिला हॅश म्हणतात. मजकुरातलं एक टिंब बदललं तरी सगळी ओळ बदलते. पण ओळीवरून मजकूर परत काढता येत नाही.”

“पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही, तसं.”

“अगदी तसंच.”

सांगता सांगता स्वारी रंगात आली. व्यवहारांच्या यादीला एक आकडा जोडायचा आणि हॅश काढायचा. ओळीच्या सुरुवातीला हवी तेवढी शून्यं आली नाहीत, की आकडा बदलून पुन्हा. आडवाट नाही, नुसती ढोरमेहनत. ज्याच्या यंत्राला आधी सापडेल, त्याला नवी नाणी. त्यातली काही मठालाच देणार होतो, हेही त्यानं हळूच घुसडलं.

“सापडलं, हे इतरांना कसं पटतं? शपथ घेता?”

“शपथ कशाला? तो आकडा घालून एकदाच हॅश काढायचा. क्षणात कळतं. नुसत्या शब्दाला तिथं कुणी विचारत नाही.”



बाबांनी स्वयंपाकघरातून चंद्राक्कांना बोलावलं. मठाचा स्वयंपाक या म्हाताऱ्या आक्काच करत. बाबांनी त्यांचे दोन्ही तळवे अभिरामपुढे उघडे केले.

फोडच फोड. काही फुटलेले.

चक्की बंद पडली म्हणून कालच्या पंगतीचं पीठ आक्कांनी जात्यावर दळलं होतं. त्याच पंगतीत अभिरामनं आणखी एक भाकरी मागून घेतली होती. तेव्हा त्याच्या मनातही आलं नव्हतं. आता त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आक्का... चुकलो मी.”

“असू दे रे लेकरा,” म्हणत आक्का हात मागे घेऊ लागल्या. बाबांनी ते सोडले नाहीत.

“बाबा, मी खरंच मनापासून...”

“बोलू नकोस,” बाबा म्हणाले. “आजचं दळण तुझं. आक्का उद्या तुझे हात बघतील.”