ढिला केलेला बोल्ट

एका गावी एकदा एक तरुण जुन्या पिकअपचे इंजिन आपल्याच अंगणात उघडून बसला होता. मांडवाचे खांब, खुर्च्या, मोठी पातेली लग्नघरी पोहोचवणे हा त्याचा चरितार्थ, आणि तो सारा या गाडीवर. इंजिनाचे वरचे झाकण, म्हणजे हेड, आणि खालचा ठोकळा यांच्यामध्ये एक पातळ पॅकिंग असते. तेच जळले होते. पाणी ऑइलमध्ये उतरून ऑइल चहासारखे दुधाळ झाले होते.

वाईट हे होते, की हे दुसऱ्यांदा घडत होते. मागचे पॅकिंग त्याने स्वतःच बसवले होते.

"या खेपेला गेलं, तर मीच भंगारवाल्याला बोलावणार," त्याच्या पत्नीने उंबऱ्यातून बजावले. "मग जा शहरात, कारखान्याच्या दारात उभं राहायला."

तो मान खाली घालून काम करीत राहिला. ज्यांच्या हाताखाली तो शिकला, त्या वृद्ध वस्तादांना त्याने मुद्दाम बोलावून आणले होते. ते बाजेवर बसून पाहत होते. हेड वाकलेले नाही ना, हे त्यांनी पोलादी पट्टी लावून स्वतः तपासले होते. नवे पॅकिंग अंथरले गेले, त्यावर हेड बसले, सगळे बोल्ट बोटांनी फिरवून झाले.

मग तरुणाने पाना उचलला आणि रेडिएटरकडच्या कोपऱ्यातला बोल्ट दातओठ खाऊन आवळू लागला.

पहिला जोर बसतो न बसतो, तोच वस्ताद उठले. त्यांनी त्याच्या हातून पाना घेतला आणि नेमका तोच बोल्ट पार ढिला करून टाकला.

"वस्ताद, अहो काय करता! मागच्या वेळी याच कोपऱ्यातून पाणी झिरपत होतं."

"मग तू काय केलंस?"

"रोज सकाळी थोडा थोडा आवळत गेलो."

"आणि गाडीला चहाची सवय लावलीस," वस्ताद म्हणाले. उंबऱ्यात पत्नीला हसू फुटले.

वस्तादांनी भिंतीकडेला पडलेले जुने पॅकिंग त्याच्या हाती दिले. "डोळे मीट. बोट फिरव."

रेडिएटरकडचा कोपरा चिरडून कागदासारखा झाला होता. तिथून बोट पुढे सरकले, तसा पॅकिंगचा पत्रा जाड लागू लागला. पार दुसऱ्या टोकाला तो जवळजवळ दबलाच नव्हता. तरुणाने डोळे उघडले. काळी, जळकी खाच त्याच टोकाला होती.

"म्हणजे ते त्या कोपऱ्यात गेलंच नाही," तो हळूच म्हणाला.

"लेका, जिथून गळलं, त्या जागेची तू धास्ती घेतलीस," वस्ताद म्हणाले. "सगळं बळ तिथं ओतलंस, आणि ज्यांनी तुला कधी त्रास दिला नव्हता त्यांच्याकडं पाहिलंच नाहीस. हेड एकट्या बोल्टाच्या जिवावर बसत नाही. मधल्यांपासून सुरुवात कर. सगळ्यांना थोडं थोडं दे, मग फिरून थोडं. त्या कोपऱ्याला त्याच्या वाट्याचं तेवढंच."

तरुणाने तसे केले. शेवटच्या फेरीला तो त्या कोपऱ्याशी आला. नेमका जोर पडला की आवाज करणारा तो पाना 'कट्' असा वाजला. त्याचा हात अजून एका हिसक्यासाठी शिवशिवला. त्याने वस्तादांकडे पाहिले. ते आभाळाकडे पाहत होते. त्याने पाना खाली ठेवला.

नवे ऑइल आणि पाणी भरून झाल्यावर "चावी मी फिरवते," म्हणत पत्नी गाडीत चढली. इंजिन खोकले, धूर ओकले आणि मग एका लयीत चालू लागले. ते चांगले तापू दिले. तरुणाने कोपऱ्याखालून बोट फिरवले. कोरडे. गाडी बंद करून त्याने ऑइल मोजायची पट्टी बाहेर ओढली. ऑइल मधासारखे स्वच्छ होते. तो तिथेच मातीत बसला आणि इतक्या दिवसांचा कोंडलेला श्वास त्याने सोडला.

पत्नीने चहा आणला. पेला हाती घेत वस्ताद म्हणाले, "हा मात्र दुधाळच हवा."

आपलाही असा एक कोपरा असतो, जिथे एकदा गळले होते. त्यालाही त्याच्या वाट्याचे तेवढेच द्यावे.